सूर्याच्या बाजूने

अलिशा बोलायला उभी राहिली की समोरच्याची बोबडी वळते, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त ते अलिशालाच ठाऊक होतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, अंगाने काडी, पण आवाज असा की माईक बंद पडला तरी कुणाचं काही अडू नये. पिंजाऱ्याचं घर. घरात अर्धी हिंदी, अर्धी अहिराणी, बाजारात नुसती अहिराणी, आणि स्टेजवर चढली की एकदम पुस्तकातली मराठी. 'परंतु', 'तथापि', 'सन्माननीय परीक्षक' वगैरे सगळं.

बाप कलीम नंदुरबारात गाद्या भरायचा. आई अख्तरबानो रतिलालशेठच्या पथारीवर जायची. पथारी म्हणजे गावाबाहेरची चोपून सपाट केलेली जमीन. तिच्यावर ओली लाल मिरची पसरून वाळवतात आणि बायका ओळीने बसून वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात. वर आभाळ, खाली तापलेली माती, मध्ये मिरची. घरी आल्यावर अख्तरबानो हात खोबरेल तेलात बुडवून बसायची आणि त्या हातांनी डोळ्याला शिवायची नाही. तक्रार मात्र कधी केली नाही, कारण पोरगी शिकत होती.

आता पोरगी शिकते म्हटल्यावर आईला अभिमान वाटणारच, पण अख्तरबानोचा अभिमान जरा हाताबाहेर गेलेला होता. 'अलिशा म्हने' ही तिच्या बोलण्याची सुरुवात. अलिशा म्हने पाणी उकाळी प्या, की ओळीतल्या साऱ्या बायकांनी पाणी उकळायचं. अलिशा म्हने हाई गोळी रिकाम्या पोटी नको, की नको. बायका हसायच्या आणि ऐकायच्याही, कारण आतापर्यंत अलिशाचं सांगणं कधी खोटं निघालं नव्हतं. अख्तरबानोचं पथारीवर जे काही वजन होतं ते पोरीच्या शब्दाचं होतं.

फेब्रुवारीत लोणखेड्याला वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'जागतिक तापमानवाढीला जबाबदार कोण, सूर्य की माणूस?' बाजू ज्याची त्याने निवडायची नव्हती, चिठ्ठी काढायची होती. अलिशाच्या चिठ्ठीत सूर्य निघाला.

तिथेच तिचं तोंड उतरलं, कारण अभ्यास तिने दोन्ही बाजूंचा केला होता आणि सूर्याच्या बाजूत दम नाही हे तिला पक्कं माहीत होतं. सूर्य कमी-जास्त होतो, त्याच्यावरचे डाग वाढतात, घटतात, साधारण अकरा वर्षांनी फेरा पूर्ण होतो, हे खरं. पण गेल्या चाळीसेक वर्षांत सूर्याचा जोर वाढलेला नाही, उलट किंचित उतरलाय, आणि पृथ्वी मात्र तापतच चाललीय. सूर्याने तापवलं असतं तर हवेचे वरचे थरही तापले असते. ते तर थंड होतायत. दिवसांपेक्षा रात्री जास्त वेगाने तापतायत. हे सगळं दगडी कोळशाच्या, पेट्रोल-डिझेलच्या धुराकडे बोट दाखवणारं. तिने हे वहीत लिहिलं नव्हतं, तिला ते पाठच होतं.

दुसरी एखादी म्हणाली असती, चला, हरू. अलिशाला हरता येत नव्हतं. तिने काय करावं? तापमान आणि सूर्य यांचा आलेख मोठ्या कागदावर काढला आणि तो १९८० सालापाशी थांबवला. तिथपर्यंत दोन्ही रेघा हातात हात घालून चालतात. पुढे त्यांची ताटातूट होते, तो भाग तिने काढलाच नाही.

समोर भूपेश नावाचा शहाद्याचा पोरगा होता. हुशार, पण बोलताना अडखळणारा. त्याने बरोबर जागी बोट ठेवलं. "पुढचा आलेख कुठे आहे? तो दाखवा ना."

"भूपेशभाऊ, हा कागद माझा, माझ्या खर्चाचा," अलिशा म्हणाली. "तुमचा आलेख तुम्ही घरून आणायचा होता."

हॉल हसला. भूपेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि त्याला जे बोलायचं होतं ते तो विसरला. मग अलिशाला चढलं. टाळ्या मिळाल्या की तिला चढायचंच. लिहून न आणलेलं एक वाक्य ती बोलून गेली: "घाबरू नका. येत्या दोन-तीन वर्षांत सूर्य शांत होणार आहे, आणि आपली ही धरती आपोआप निवणार आहे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला हा शब्द देते."

पहिलं बक्षीस मिळालं. एसटीने परत येताना मैत्रीण शिरीनने काढलेला व्हिडिओ तिने पाच-सहादा बघितला आणि प्रत्येक वेळी त्या हसण्यापाशी तिला बरं वाटलं. भूपेशचा चेहरा व्हिडिओत नव्हता, हेही एक बरंच होतं.

घरी अम्मीने ट्रॉफी टीव्हीवर ठेवली. व्हिडिओ तिने हात पुसून, डोक्यावरची ओढणी नीट करून बघितला. 'तथापि'पाशी ती गडबडली, पण शेवटचं वाक्य तिला स्वच्छ कळलं.

"दोन-तीन वरीसमा सुर्या थंडा व्हई?"

"हां अम्मी," अलिशा म्हणाली. ती तेव्हा मोबाईलवर शाबासक्या वाचत होती. ही स्पर्धा असते, चिठ्ठी निघेल ती बाजू मांडायची असते, हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. तिला ते सुचलंही नाही. आणि अख्तरबानोला तरी काय कळावं? मोठ्या कॉलेजात, मोठ्या लोकांनी, भर सभेत बक्षीस दिलं. खोट्याला कुणी ट्रॉफी देतं का, असा तिचा साधा हिशेब. तो चुकीचा आहे असं आपण कुठल्या तोंडाने म्हणावं?

आता इकडे पथारीवर काय चाललं होतं ते सांगायला हवं. गेली काही वर्षं ऊन मार्चपासूनच मारायला लागलं होतं. मागच्या हंगामात दोघी-तिघींना चक्कर आली. म्हणून यंदा बायकांनी ठरवून रतिलालशेठला घेरलं होतं: जिथे आम्ही बसतो तिथे डोक्यावर शेडनेट टाका. बोलायला पुढे अख्तरबानोच होती. "शेठ, हाई ऊन आते मांगे जाणार नही. अलिशा म्हने, दरसाल वाढीच." हे अलिशाने मागच्या वर्षी घरी सांगितलं होतं, स्पर्धेबिर्धेच्या आधी, आणि ते खरं होतं. शेठ माणूस वाईट नव्हता. नाही-होय करत तो कबूल झाला, मांडवाला लागणाऱ्या लाकडी बल्ल्यासुद्धा आणून टाकल्या पथारीच्या कडेला.

आणि मग अख्तरबानो तो व्हिडिओ घेऊन गेली. शेठला दाखवावं, पोरीचं नाव व्हावं, एवढंच तिच्या मनात. शेठने चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला आणि मनापासून वा वा केली.

"अख्तरबानो, तुन्ही पोर ते दोन वरीसमा ऊन उतरी म्हनस," तो म्हणाला. "मंग इतला मांडव मी कसाले करू? दोन वरीस काढी ल्या ना."

इथे कुणीही म्हणालं असतं की शेठ, ते राहू द्या, आधी सावली करा. पण अख्तरबानो अडकली. मांडव मागावा तर पोरीचा शब्द खोटा पडतो. पोरीचा शब्द खरा धरावा तर मांडव मागता येत नाही. तिने पोरीचा शब्द धरला. एवढंच नाही, ओळीत येऊन तिने बायकांचीही समजूत घातली. दोन वर्षांचाच प्रश्न आहे, कशाला शेठच्या मागे लागायचं, अलिशाने सभेत शब्द दिलाय. कुणी कुरकुरली, पण अलिशा म्हने म्हटल्यावर पुढे बोलणार काय? बल्ल्या दुसऱ्या कामाला गेल्या.

अलिशाला यातलं काही माहीत नव्हतं. मार्चच्या शेवटी एके दिवशी अम्मी डबा विसरली म्हणून ती तो द्यायला पथारीवर गेली. दुपार व्हायची होती, पण उभं राहवत नव्हतं. मिरचीची धग नाकातून डोक्यात जात होती. बायका लुगड्याचे पदर डोक्यावर ओढून, त्याच्यावर ओलं फडकं टाकून बसल्या होत्या. त्यांना बघून ती ओशाळली, पण ते नेहमीचंच ओशाळणं, छत्री घेऊन आलेल्या माणसाला वाटतं तेवढं.

अम्मीच्या शेजारी गजराबाई बसायची. म्हातारीच म्हणायची, पण हात सगळ्यांत चपळ. तिने अलिशाला बघितलं आणि खुडायचं थांबवलं.

"बेटा, उनी का? बरं झायं. तुलेच इचारनं व्हतं." ती कौतुकाने हसत होती. "सुर्या कव्हय थंडा व्हई? औंदा जराखा व्हई का, का पुढला सालेच?"

अलिशाला आधी कळलंच नाही. मग अम्मीने सगळं सांगितलं, मांडवाचं, शेठचं, आपण कशी समजूत घातली त्याचं. अभिमानाने सांगितलं. ओळीतल्या साऱ्या बायका माना वर करून बघत होत्या. त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. त्या खरोखरच वाट बघत होत्या की ही शिकलेली पोर तारीख सांगेल.

इतकी लाज अलिशाला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ती लाज कुणी काही बोललं म्हणून नव्हती. कुणीच काही बोललं नव्हतं, सगळ्या तिच्याकडे प्रेमाने बघत होत्या, आणि त्यामुळेच तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. तिला ते कळतही होतं. पण अम्मीचा चेहरा समोर होता.

"व्हई, मावशी," ती म्हणाली. "हळूहळू व्हई."

"देखा," अख्तरबानो बायकांना म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा खाली बघून कामाला लागल्या.

त्या दिवसापासून अलिशाला अन्न गोड लागेना. टीव्हीवरची ट्रॉफी तिने आधी पडद्यामागे सरकवली, मग कपाटात टाकली. अम्मीने विचारलं तर म्हणाली धूळ बसते. व्हिडिओ काढून टाक म्हणून शिरीनच्या मागे लागली, पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. परीक्षा झाली की सांगू, रविवारी सांगू, अब्बा बाहेर गेले की सांगू. वादात समोरच्याला श्वास घेऊ न देणारी पोरगी आपल्याच आईसमोर तोंड उघडेना. भित्री म्हणतात ती हीच, दुसरं काय!

एप्रिलमध्ये गजराबाई पडली. भर दुपारी, बसल्या बसल्या, मिरचीतच तोंड खाली करून. बायकांनी तिला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले ऊन लागलंय, थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. गजराबाई वाचली, पण हातांना जो कंप सुटला तो राहिलाच. ज्या हातांचं सगळ्यांना कौतुक होतं त्यांना आता पाण्याचा पेला धरवेना.

दवाखान्यातून अख्तरबानो घरी आली. पदराला मिरचीचा वास आणि सलाईनचा वास एकत्र येत होता. ती भिंतीला टेकून बसली आणि पोरीला म्हणाली, "म्हातारीनं नशीब खराब. दोन वरीस धीर धरी लेती ते..."

मग मात्र अलिशाने सांगितलं. उभ्यानेच, भिंतीकडे तोंड करून. चिठ्ठी कशी निघाली, आलेख कुठे तोडला, सूर्य थंड होणार नाही आणि झाला तरी ही उष्णता उतरणार नाही, ती आपल्या धुराने वाढतेय आणि अजून वाढणार आहे. ते शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी टाकलं होतं. बोलताना तिची मराठी, अहिराणी, हिंदी सगळी एकात एक झाली.

अख्तरबानोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"तुले माहीत व्हतं? बोलनी तव्हय?"

"हां."

"आनि मी गजराले बसाडं तठे."

"अम्मी, तुझी काही चूक..."

"चूप बैस," अख्तरबानो म्हणाली. तिने पोरीला असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अलिशा आईच्या मागोमाग पथारीवर गेली. आईने नको म्हटलं नाही, चल असंही म्हटलं नाही. अलिशाने रात्रभर मनाशी जुळवलं होतं: सरळ सांगायचं, मी खोटं बोलले, गजरामावशीची ही दशा माझ्यामुळे झाली, आम्हाला मांडव पाहिजे. शेठ ऑफिसाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. बायका अजून बसल्या नव्हत्या, गजराबाईचीच विचारपूस चालली होती. अलिशा त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मला तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली. "त्या व्हिडिओत मी जे बोलले ते..."

"ते खेळ व्हता," अख्तरबानो मध्येच म्हणाली. ती पुढे आली आणि पोरीच्या आणि बायकांच्या मध्ये उभी राहिली. "कालिजमा तसा खेळ ऱ्हास. चिठ्ठीमा जे निंघी ते बोलनं पडस. पोरनी माले तव्हयच सांगेल व्हतं, अम्मी, हाई खरं नही, कोनले सांगू नको. माले समजनं नही. मी अडाणी, मीच सांगत सुटनी."

अलिशाने आईकडे बघितलं. तिने हे कधीच सांगितलं नव्हतं, आणि आई तिच्याकडे बघत नव्हती.

बायकांत कुजबुज झाली. मग एकीने कपाळाला हात लावला. "अख्तरबानो, तू भी ना!" दुसरी म्हणाली, "अगं, इतलं भी समजनं नही तुले?" पाठोपाठ तिसरी बोलली, ते जरा लागेल असं: म्हातारीचे हात तुझ्या अडाणीपणापायी गेले. अख्तरबानोने मान खाली घालून सगळं ऐकलं. शेठनेही खुर्चीतून सुनावलं, मी तर तुझ्याच भरवशावर बल्ल्या काढल्या. मग तो उठला आणि आजच नेट मागवतो म्हणाला. तेवढं एक चांगलं झालं.

अलिशाला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. नाही, अम्मी खोटं सांगतेय, मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, मीच हो म्हटलं होतं, आणि मागच्या महिन्यात मावशीलाही हळूहळू होईल म्हणून सांगितलं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण बायका आईवर रागावल्या होत्या आणि तिच्याकडे मात्र पहिल्यासारख्याच बघत होत्या, शिकलेली पोर म्हणून, आणि त्या नजरा हातच्या घालवायची तिची हिंमत झाली नाही. ती उभी राहिली आणि गप्प राहिली. आईच्या मानेवर पडलेलं ते सगळं तिने पडू दिलं. मग कुणीतरी म्हणालं, जा बेटा, ऊन लागी, आणि ती गेली.

मांडव झाला. हंगाम संपत आला होता तरी झाला. पण ओळीत अख्तरबानोचं वजन गेलं ते गेलंच. आता ती काही बोलायला लागली की कुणीतरी हसून विचारायची, "काबरं, आज सुर्या काय म्हनस?" आणि ती स्वतःही त्यांच्याबरोबर हसायची. 'अलिशा म्हने' हे शब्द तिच्या तोंडातून पुन्हा कुणी ऐकले नाहीत. गजराबाईकडे ती रोज संध्याकाळी जायची, तिला भरवायची. अलिशा एकदा बरोबर गेली, पण दारातून आत जाववलं नाही, म्हणून पुन्हा गेली नाही.

अख्तरबानो पोरीवर रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं अलिशाला वाटायचं. जेवायला वाढणं, डोक्याला तेल लावणं, सगळं तसंच चाललं होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी अलिशा आंघोळ करून आली. अम्मी कामावर निघायच्या घाईत भाकरी फडक्यात बांधत होती.

"अम्मी, उद्या पाणी येणार नाही नळाला," अलिशा म्हणाली. "नगरपालिकेची गाडी सांगत गेली. आज भरून ठेवू."

अख्तरबानोने गाठ मारली. तिने वर बघितलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, शेजारणीला विचारावं तसं तिने साधेपणाने विचारलं.

"खरं शे ना?"

"हां अम्मी," अलिशा म्हणाली.

अख्तरबानोने भाकरीचं फडकं खाली ठेवलं, चपला घातल्या, आणि शेजारच्या घरी जाऊन विचारून आली. मग तिने हंडे भरायला लावले.